बातमीची मोजणी आणि बातमीचे वाचन

वृत्तविद्या आणि जनसंज्ञापन या विषयांतील विद्यापीठीय संशोधन मराठवाड्याला आता नवे राहिलेले नाही. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, पुढे तेथे माध्यमशास्त्र संकुल आकाराला आले, लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र निघाले. आणि ज्या अभ्यासकाला पूर्वी औरंगाबाद किंवा पुणे गाठावे लागे त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या वृत्तपत्रांवर आपल्याच जिल्ह्यात बसून प्रबंध लिहिणे शक्य झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंधांच्या प्रती ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात जमा होऊ लागल्या. त्यामुळे एरवी ग्रंथपालाच्या कपाटाबाहेर न येणारे हे लेखन आज कोणालाही वाचता येते. मराठी साहित्याच्या अध्यापकाने ते वाचावे असे काही कारण नाही, अशी आपल्या विभागांतील सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत दोन्ही विभागांना मोजावी लागते, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात त्याची काही कारणे मांडावयाची आहेत.

असे काही प्रबंध ओळीने वाचले की त्यांचा एक साचा नजरेत भरतो. प्रारंभी संज्ञापनाच्या व्याख्या येतात. त्यानंतर ‘दर्पण’पासून, म्हणजे ६ जानेवारी १८३२ पासून, मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास येतो, तो बहुधा रा. के. लेले यांच्या ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ या १९८४ च्या ग्रंथावरून उतरलेला असतो. मग जिल्ह्याची भौगोलिक पार्श्वभूमी, तालुक्यांची संख्या आणि सरासरी पर्जन्यमान. (पर्जन्यमानाचा पुढील विवेचनाशी काही संबंध जुळेल या आशेने मी दर वेळी ते पान वाचतो, लातूर-नांदेडच्या वृत्तपत्रांविषयी लिहिताना तो जुळायलाच हवा होता.) त्यानंतर प्रबंधाचा गाभा, म्हणजे कोष्टके. राजकीय बातम्या इतक्या, कृषिविषयक इतक्या, गुन्हेविषयक इतक्या. मुखपृष्ठावर इतके स्तंभ-सेंटिमीटर, आतील पानांवर इतके. वाचकांना दिलेल्या प्रश्नावलीची उत्तरे शेकडेवारीत. गृहीतक सिद्ध झाले. शिफारशी : वृत्तपत्रांनी शेतीविषयक बातम्यांना अधिक जागा द्यावी.

यात श्रम नाहीत असे कोणी म्हणू नये. एकेका वर्षाच्या अंकांतील मजकूर पट्टीने मोजणे हे जिकिरीचे काम आहे. माझा आक्षेप श्रमांवर नाही. इतके मोजूनही बातमी वाचली जात नाही, यावर आहे. बातमी कोष्टकात जाते तेव्हा तिचे वाक्य गळून पडते आणि वर्ग उरतो.

या पद्धतीचे कूळ शोधण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. बर्नार्ड बेरेल्सन यांनी १९५२ साली आशय-विश्लेषणाची जी व्याख्या केली, ती संज्ञापनाच्या प्रकट आशयाचे वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक वर्णन करण्याची होती. आपल्या प्रबंधांत ही व्याख्या इतक्या वेळा आली आहे की तिला मंगलाचरणाचे स्थान मिळाले आहे. पण त्याच सुमारास, ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’ या नियतकालिकाच्या १९५२-५३ च्या हिवाळी अंकात, सीगफ्रीड क्राकाउअर यांनी या संख्यात्मकतेवर लिहिलेला आक्षेपपर लेख मात्र आपल्याकडे फारसा पोचला नाही. मजकुराचे तुकडे करून ते वेगवेगळ्या रकान्यांत टाकले की त्या तुकड्यांतील परस्परसंबंधच नाहीसा होतो आणि अर्थ त्या संबंधात असतो, अशी त्यांची भूमिका होती. क्राकाउअर हे जर्मनीत वृत्तपत्रात काम केलेले, चित्रपटावर मूलगामी लेखन केलेले समीक्षक. म्हणजे हा आक्षेप संहिता वाचण्याची सवय असलेल्या माणसाकडून आला होता. आपल्याकडे तो यायचा तर मराठी विभागातून यायला हवा होता. तो आला नाही, कारण मराठी विभागाच्या लेखी बातमी ही संहिताच नव्हती.

येथे थोडे आत्मपरीक्षण करणे भाग आहे. मराठी समीक्षेने वृत्तपत्रांकडे पाहिलेच नाही असे नाही. टिळक-आगरकरांचे निबंध आपण शिकवतो. गंगाधर पानतावणे यांनी ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या ग्रंथात ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) यांची जी चिकित्सा केली, ती मराठीच्या अध्यापकाच्या हातून झालेली आहे हे आपण विसरता कामा नये. अनंत भालेराव यांच्या लेखनाविषयी मराठवाड्यात आदराने बोलले जाते. पण या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. येथे लेखकाचे नाव आहे. अग्रलेख, स्फुट, सदर हे प्रकार आपण वाचतो. कारण त्यांच्यामागे एक लेखकव्यक्तिमत्त्व असते आणि व्यक्तिमत्त्वाचा शोध घेण्याची आपल्या समीक्षेला जुनी सवय आहे. ‘आमच्या वार्ताहराकडून’ या दोन शब्दांखाली येणारा मजकूर मात्र निनावी. तो कोणाची शैली म्हणून वाचायचा? अशा रीतीने मराठी विभागाने बातमी सोडून दिली आणि वृत्तविद्या विभागाने ती मोजायला घेतली. खेड्यापाड्यांतील लोकांच्या नित्य वाचनात असलेला सर्वांत मोठा गद्यप्रकार या दोहोंच्या मध्ये पडून राहिला.

वाचन म्हणजे नेमके काय, हे उदाहरणाशिवाय स्पष्ट होणार नाही. नांदेड, लातूर, परभणी, बीड या जिल्ह्यांतील कोणत्याही दैनिकाच्या वाचकाला पाठ असलेले एक वाक्य घेऊ. गावाचे आणि माणसाचे नाव तेवढे बदलते, बाकी वाक्य जागच्या जागी असते : ‘सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून अल्पभूधारक शेतकऱ्याने आपली जीवनयात्रा संपविली.’ आशय-विश्लेषणाच्या कोष्टकात ही एक बातमी. वर्ग : कृषी, किंवा गुन्हे, किंवा सामाजिक, संशोधकाच्या संकेतसूचीवर ते अवलंबून. सेंटिमीटर : चार. संपले.

आता हेच वाक्य एखाद्या कवितेच्या ओळीइतक्या सावकाशीने वाचून पाहावे. ‘नापिकी’ हे भाववाचक नाम आहे. त्यात पाऊस, बियाणे, कीड, वीज, पाणी यांपैकी कोणाचाही निर्देश नाही; पिकले नाही, एवढेच. त्यात बाजारही नाही. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे पीक भरघोस आले, क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारातले भाव त्याखाली गेले आणि बारदाना नाही म्हणून खरेदी केंद्रांपुढे वाहनांच्या रांगा लागल्या. लातूरसारख्या तुरीच्या बाजारपेठेला हे सांगायला नको. अशा भरल्या वर्षीही वार्ताहराच्या वाक्यात ‘नापिकी’ हाच शब्द येत राहिला का, की त्या वर्षी ‘भाव’ हा शब्द वाक्यात शिरला? एवढा एक प्रश्न घेऊन तीन वर्षांचे अंक चाळले तर एक चांगला प्रबंध होईल. आणि गंमत अशी की त्याला मोजणीही लागेल. पण ती शब्दाची मोजणी असेल, रकान्याची नव्हे.

‘कर्जबाजारीपणा’ या नामात देणेकरी आहे, घेणेकरी नाही. बँक, सोसायटी, सावकार, कृषी सेवा केंद्राची उधारी, मुलीच्या लग्नासाठी पाहुण्यांकडून उचललेली रक्कम हे सगळे एका ‘पणा’त विरघळून जाते. त्यापुढचा शब्द ‘कंटाळून’. मराठीत पोर अभ्यासाला कंटाळते, म्हातारे माणूस दुखण्याला कंटाळते. जे बाहेर आहे आणि ज्याला कर्ता आहे, ते या क्रियापदाने मनाच्या आत नेले. शिवाय ‘-ऊन’ या प्रत्ययाचे वैशिष्ट्य असे की तो व्याकरणाने केवळ क्रियांचा क्रम सांगतो, पण वाचक त्याचे कारण करून घेतो. कारण स्पष्ट शब्दांत सांगितले असते तर त्याला पुरावा द्यावा लागला असता. येथे कारण सुचवले जाते आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

शेवटी ‘जीवनयात्रा संपविली’. वारीच्या प्रदेशातला हा शब्द मृत्यूला एक सौम्य, जवळपास धार्मिक आवरण देतो. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, या संपूर्ण वाक्यात शेतकरी ज्याचा कर्ता आहे असे हे एकमेव सकर्मक क्रियापद आहे. नापिकी झाली, कर्ज झाले. त्याने स्वतः केले ते एवढेच. जिवंतपणी त्याने काय पेरले, कोणाकडे अर्ज दिले, कोणाशी भांडला, यांतले कोणतेही क्रियापद बातमीत येत नाही. ‘अल्पभूधारक’ हे विशेषण तर त्याच्या बोलण्यातलेही नाही. दोन हेक्टरांच्या आत जमीन असलेल्या खातेदारासाठीचा हा शासकीय शब्द आहे. गावात कोणी कोणाला अल्पभूधारक म्हणत नाही. ‘त्याला दोन एकर हाय’ असे म्हणतात.

हा शब्द आपल्याला पुढचा धागा देतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २००५-०६ पासून राबवली. तीस हजार रुपये तातडीने आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात, अशी तिची रचना होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. त्यासाठी पाहावयाच्या गोष्टी म्हणजे नापिकी, कर्जाची परतफेड न होणे आणि परतफेडीसाठीचा तगादा. म्हणजे बातमीतील वाक्य आणि शासन निर्णयाचे निकष यांची शब्दसंपत्ती बरीचशी एक आहे. कोणी कोणाकडून घेतली, हे तपासण्याजोगे आहे. तलाठ्याच्या अहवालातून आणि पोलिसांच्या नोंदीतून ती वार्ताहराकडे आली, हा एक तर्क. दुसरा तर्क मला अधिक अस्वस्थ करतो. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर हा त्याच परिसरातला, अनेकदा शेतकऱ्याच्याच घरातला माणूस असतो. ‘घरगुती कारण’ असे छापून आले तर त्या कुटुंबाविषयी काय बोलले जाईल, हे त्याला ठाऊक असते. निकषांची भाषा तो अज्ञानाने वापरतो असे मानण्याचे कारण नाही. ती करुणेनेही वापरली जात असेल. आपण ज्याला साचेबंद भाषा म्हणून नाक मुरडतो, ती त्या घरासाठी केलेली एका ओळीची शिफारस असू शकते.

आणि याच्या नेमके विरुद्ध टोकाला भारतीय वृत्तपत्र परिषदेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांना अनुसरून आलेल्या या तत्त्वांचा रोख असा की आत्महत्येच्या बातम्या ठळकपणे वा पुनःपुन्हा देऊ नयेत, त्यांना सनसनाटी रूप देऊ नये, तो प्रश्नावरचा उपाय आहे असे भासेल अशी भाषा वापरू नये. आत्महत्येमागे एकच एक कारण असल्याचे सुचवू नये, हेही जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. तेव्हा एकीकडे कारण मागणारी समिती, दुसरीकडे कारणाचे सुलभीकरण टाळा म्हणणारी संहिता आणि मध्ये रात्री नऊच्या आत मजकूर पाठवायची घाई असलेला वार्ताहर. या तिघांच्या ओढाताणीत घडलेले वाक्य हे चार सेंटिमीटरांचे नसते. ते आपल्या प्रदेशाच्या गेल्या दोन दशकांचे एक महत्त्वाचे गद्य आहे आणि ते अजून कोणी नीट वाचलेले माझ्या पाहण्यात नाही.

मराठी विभागाकडे आणखी एक हत्यार आहे, जे आपण केवळ पोथ्यांसाठी राखून ठेवले आहे. ते म्हणजे पाठचिकित्सा. वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’च्या संपादनात ज्या चिकाटीने प्रती ताडून पाहिल्या, त्या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे; माहूरच्या परिसरात राहणाऱ्यांना तर विशेष. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, कोठे लेखनिकाने शब्द गाळला, कोठे भर घातली, हे ओळखण्याचे शास्त्र वृत्तपत्राला लावून पाहिले तर काय घडते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण नांदेड जिल्ह्यातीलच आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयी निवडणूककाळात मराठी वृत्तपत्रांत आलेला मजकूर एकापुढे एक ठेवला. चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत काही ठिकाणी शब्दशः तोच मजकूर बातमी म्हणून छापला गेला होता, असे त्यांनी दाखवले. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर मराठीत रुळला. भारतीय वृत्तपत्र परिषदेसाठी परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० साली या प्रश्नाचा अहवाल तयार केला. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले; निवडणूक खर्चाचा हिशेब विहित रीतीने दिला नाही असा निष्कर्ष काढून आयोगाने जुलै २०१४ मध्ये चव्हाण यांना नोटीस दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने निवाडा काय झाला, हे स्पष्ट आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही.

मला येथे पद्धतीविषयी बोलावयाचे आहे. त्या निवडणुकीतील बातम्यांचे कोणी आशय-विश्लेषण केले असते तर कोष्टकाने इतकेच सांगितले असते की अमुक पक्षाला अमुक टक्के जागा मिळाली आणि मजकुराचा सूर अनुकूल होता. तीन दैनिकांतील तीन अनुकूल बातम्या तीन म्हणूनच मोजल्या गेल्या असत्या. त्या तीन नसून एकाच संहितेच्या तीन प्रती आहेत, हे प्रती ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. साईनाथ यांनी नकळत केली ती पाठचिकित्साच. हे काम रोजच्या, निरुपद्रवी मजकुरावरही करता येते. जिल्हा माहिती कार्यालयाचे एखादे प्रसिद्धिपत्रक घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी नांदेडच्या ‘प्रजावाणी’त, ‘सत्यप्रभे’त, ‘उद्याचा मराठवाडा’त, लातूरच्या ‘एकमत’मध्ये आणि मोठ्या साखळी-दैनिकांच्या जिल्हा पानांवर ते कसे उतरते हे पाहावे. कोणी शीर्षक बदलले, कोणी शेवटचा परिच्छेद कापला, कोणी पालकमंत्र्यांच्या नावामागे विशेषण जोडले. संपादनाचे धोरण त्या पाठभेदांत असते. पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना चौदाव्या शतकातील प्रतींपेक्षा हे उदाहरण लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

हिंदी वृत्तपत्रांविषयी इंग्रजीत जे काम झाले, त्याचा दाखला आपल्या प्रबंधांत वारंवार येतो. रॉबिन जेफ्री यांचा भारतीय भाषांतील वृत्तपत्रांच्या प्रसारावरील ग्रंथ (२०००) आणि सेवंती नैनन यांचा ‘हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड’ (२००७) हे त्यांतले प्रमुख. नैनन यांनी वार्ताहराचे जे चित्र काढले, म्हणजे बातमी देणारा तोच, जाहिरात गोळा करणारा तोच आणि अनेकदा अंकांचा गठ्ठा वाटणाराही तोच, ते आपल्याकडच्या तालुक्यांना तंतोतंत लागू पडते. वाढदिवसाच्या पुरवणीचे अर्थशास्त्र ज्याने जवळून पाहिले आहे त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. परंतु या ग्रंथांचा भर वृत्तपत्राच्या व्यवहारावर आहे, त्याच्या वाक्यावर नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या संशोधकाने हिंदी वा मराठी वाक्याची घडण उलगडावी, ही अपेक्षाही रास्त नाही. ते काम त्या भाषेच्या अभ्यासकांचे आहे. किल्लारी, निलंगा, उदगीर हा पट्टा कर्नाटकाला लागून. देगलूर, बिलोली, धर्माबाद तेलंगणाला लागून. हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची उर्दू आपल्या महसुली शब्दांत अजून टिकून आहे. अशा प्रदेशात साक्षीदाराच्या तोंडचे ‘आमी निजलालो हुतो’ हे दुसऱ्या दिवशी ‘आम्ही झोपेत होतो’ होऊन छापले जाते. हे भाषांतर कोण करतो? वार्ताहर लिहितानाच करतो की उपसंपादक? त्यात काय गळते? ग्रामीण साहित्याच्या संदर्भात बोलीचा प्रश्न आपण चाळीस वर्षे चर्चिला. बातमीच्या संदर्भात तो विचारलाही नाही.

इतिहासाच्या प्रकरणाविषयीही थोडे बोलले पाहिजे. मराठवाड्याच्या वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास लिहिताना आपले संशोधक ‘मराठवाडा’ या पत्रापाशी थांबतात आणि थांबलेच पाहिजे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ते पुण्याहून काढले, कारण निजामी राजवटीत ते काढणे शक्य नव्हते. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा निघे. मुक्तिसंग्रामातील या पत्राची कामगिरी उज्ज्वल आहे. परंतु तेच पत्र, अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली, विद्यापीठाच्या नामांतराच्या विरोधात उभे राहिले, हे बऱ्याच ठिकाणी एका वाक्यात उरकले जाते किंवा उरकलेही जात नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्यांवर जे अत्याचार झाले, त्यांत नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत मराठवाड्यातील वृत्तपत्रांनी ‘दंगल’, ‘जाळपोळ’, ‘अत्याचार’, ‘उद्रेक’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या घटनेला वापरला? एकाच घटनेला ‘दोन गटांतील हाणामारी’ म्हणणे आणि ‘वस्तीवरील हल्ला’ म्हणणे यांत जी दरी आहे तिच्यात संपूर्ण समाजरचना मावते. आदर आणि चिकित्सा एकत्र नांदू शकत नाहीत असे आपल्या संशोधकांना का वाटते, हे मला कळलेले नाही. भालेरावांसारख्या करारी संपादकाला तरी तसे वाटले नसते.

येथे माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीर आहे. वाचन हे वाचणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. एका वाक्यावरून प्रदेशाचा निष्कर्ष काढण्याची खोड साहित्यसमीक्षेला आहेच. मोजणीने तिला लगाम बसतो. शिवाय काही सत्ये केवळ मोजणीनेच बाहेर येतात. १९९६ साली एका परदेशी वार्ताहराने दलित पत्रकाराचे नाव विचारले, तेव्हा बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत शोध घेतला आणि त्यांना असा एकही पत्रकार सापडला नाही. ‘पायोनियर’मधील त्यांच्या त्या लेखाने जे दाखवले ते कोणत्याही शैलीविश्लेषणाने दाखवता आले नसते. नांदेड-लातूरच्या दैनिकांच्या कचेऱ्यांत अशी मोजदाद झाली तर मी ती कोष्टकासह आनंदाने वाचीन. माझे म्हणणे एवढेच की काय मोजायचे हे वाचल्यावाचून ठरत नाही. उनियाल यांनी ज्याची मोजणी केली तो रकाना कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेला नव्हता.

पण वाचायचे म्हटले तरी वाचायला अंक कोठे आहेत? हा प्रश्न मला सर्वांत अधिक सतावतो. किल्लारीचा भूकंप हा आपल्या प्रदेशातील माध्यमविषयक संशोधनाचा आवडता विषय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या दस्तऐवजांत सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत बदलतो. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि परिसरही तितकाच उद्ध्वस्त झाला होता; पण मराठीत तो ‘किल्लारीचा भूकंप’ झाला आणि बाहेरच्या जगात ‘लातूरचा’. एका गावाचे नाव बाकी गावांना कसे झाकते, पहिल्या आठवड्यात कोणत्या दिवशी कोणत्या दैनिकाने कोणते गाव मथळ्यात घेतले, आणि मदतीच्या गाड्या त्या मथळ्यांमागे गेल्या का, हा प्रश्न बातमीच्या वाचनातूनच सुटेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आलेल्या ‘जलदूत’ गाडीबाबतही तसेच. त्या नावाने आणि छायाचित्रांनी शहरातल्या टँकरच्या आणि विंधनविहिरींच्या बातम्यांवर कशी सावली धरली, हे पाहण्यासारखे आहे.

यासाठी लागतात ती जिल्हा पाने. १९५४ च्या कायद्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने वृत्तपत्रांच्या प्रती ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवणे बंधनकारक झाले, आणि मुख्य आवृत्त्यांचे अंक शोधले तर कोठे ना कोठे मिळतात. तालुक्याची बातमी ज्या पानावर असते ते पान मिळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बांधीव फायली असतात, पण त्या उन्हाने पिवळ्या पडून काठाशी तुटतात. जागा बदलताना, मालकी बदलताना त्या रद्दीत जातात. आमच्या संशोधकांची ‘नमुना निवड’ प्रत्यक्षात पुष्कळदा वाळवीने केलेली असते आणि प्रबंधात तिला ‘सोयीस्कर नमुना’ असे शास्त्रीय नाव मिळते. नव्या काळात तर हे अधिक बिकट झाले आहे. लहान दैनिके सकाळी भ्रमणध्वनीवर पीडीएफच्या रूपात येतात, दुपारपर्यंत पुढे पाठवली जातात आणि रात्री जागा मोकळी करण्यासाठी पुसली जातात. १९९३ चा अंक निदान कुठल्या तरी माळ्यावर असण्याची शक्यता होती.

गेल्या वर्षी माझ्याकडे एम.ए.चा एक विद्यार्थी भूकंपाच्या पहिल्या आठवड्यातील बातम्यांवर लघुप्रबंध करण्यासाठी आला. एका जुन्या दैनिकाच्या कचेरीत त्याला ऑक्टोबर १९९३ ची फाईल मिळाली. पहिल्या पाच दिवसांची पाने ब्लेडने कापून नेलेली होती. कोणी नेली ते कळले नाही. नातेवाइकांच्या छायाचित्रांसाठी नेली असतील, किंवा आपल्याआधी आलेल्या एखाद्या संशोधकाने. मग औसा तालुक्यातील एका निवृत्त वृत्तपत्र विक्रेत्याने त्या दिवसांचे अंक पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्याचे त्याला कोणीतरी सांगितले. अंक बाहेर द्यायला ते गृहस्थ तयार नाहीत. तेथे बसून वाचायला मात्र हरकत नाही म्हणाले. विद्यार्थी सध्या दर रविवारी तेथे जातो आणि बातम्या हाताने उतरवून घेतो. कोष्टक अजून त्याने केलेले नाही.